पायमशीनची दुरुस्ती आणि तिला जोडलेली मोटर : दोन वर्षांच्या वापरानंतर

जुन्या पायमशीनची संपूर्ण दुरुस्ती करून घेणे आणि त्याला विजेची मोटर बसवणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे मला दुकानात कळले नाही. ते घरी, जुने कपडे पुढ्यात घेऊन शिवायला बसल्यावर कळले. दुकानात दोन्हींचे बिल एकच होते आणि गिऱ्हाइकाच्या मनातही त्या एकच असतात. ‘मशीनला मोटर बसवून आणली’ एवढेच आपण शेजारी सांगतो. दोन वर्षे वाकळ (गोधडी), पिशव्या, पडदे, तोरणे, नातवाची दुपटी असे नाना प्रकार या मशीनवर शिवून झाल्यावर माझे मत असे झाले आहे, की दुरुस्तीला दिलेला रुपया न् रुपया वसूल झाला आणि मोटरीचे पैसे अर्धेमुर्धेच वसूल झाले. ज्यांच्या घरी सासूचे किंवा आजीचे काळे मशीन कोपऱ्यात उभे आहे आणि जे त्याला मोटर लावण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मशीन माझ्या सासूबाईंचे. देशी बनावटीचे, काळ्या रंगाचे, ओतीव लोखंडाचे, खाली पायटा आणि चामडी पट्टा असलेले. रचना सिंगर कंपनीच्या पंधरा क्रमांकाच्या जुन्या नमुन्याची, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला निघालेली आणि पुढे जपानपासून भारतापर्यंत असंख्य कारखान्यांनी उचललेली. ही माहिती कोणाला पुस्तकी वाटेल. पण दुरुस्तीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तीच आहे. या नमुन्याची सुई, बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ), बॉबिन केस (तिची डबी) आणि शटल (खालचा दोरा सुईच्या दोऱ्यात अडकवणारा भाग) कोणत्याही कंपनीची चालतात आणि सांगलीत शिवणसाहित्याच्या कोणत्याही दुकानात मिळतात. साठ वर्षांपूर्वीच्या मशीनला आज सकाळी जाऊन सुटा भाग आणता येतो, असे घरातल्या दुसऱ्या कोणत्या यंत्राबद्दल म्हणता येईल, हे मला आठवून सांगता येत नाही.

आमचे जुने घर सांगलीच्या गावभागात आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा तळमजल्यावरचे हे मशीन काही दिवस पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर आम्ही ते नुसते धुतले, पुसले आणि माळ्यावर टाकले, आणि तीच मोठी चूक झाली. पुराचे पाणी नुसते पाणी नसते. त्यातला बारीक गाळ शटलच्या खोबणीत, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या खाली, सुईचा दांडा ज्यातून सरकतो त्या बुशमध्ये जाऊन बसतो, ओलावा धरून ठेवतो आणि आतून गंज चढवतो. वर्षभराने पाहिले तेव्हा चाक तसूभर हलत नव्हते. पुढे २०२१ च्या पुरात मशीन माळ्यावर असल्यामुळे वाचले, परंतु वाचण्यासारखे त्यात तेव्हा काही उरले आहे असे घरात कोणाला वाटत नव्हते.

कापड पेठेच्या बाजूच्या एका गल्लीत मशीन दुरुस्त करणारे एक मिस्त्री बसतात. दुकान एवढे अरुंद, की एका वेळी एकच मशीन खाली उतरवता येते आणि बाकीची रिक्षातच वाट पाहतात. मी मोटर बसवायची म्हणून गेले होते. त्यांनी चाकाला हात लावला आणि मोटरीचे नावही काढू दिले नाही. “वहिनी, मोटर काय, दोन तासांत बसंल. आधी ह्याचा गंज निघतोय का बघू. आत अडकलेलं असताना मोटर लावली, तर मोटरच जळंल.” आठ दिवसांत देतो म्हणाले आणि सव्वीस दिवस लावले. मधल्या काळात मी चार खेपा घातल्या, फोन उचलला गेला नाही, आणि एकदा तर माझे मशीन दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या टेबलावर ठेवलेले आढळले. वेळेच्या बाबतीत या सेवेला चांगले म्हणता येणार नाही. लग्नसराईच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर कोणी मशीन तेथे टाकू नये.

काम मात्र नीट झाले. मशीनचे पूर्ण डोके, म्हणजे स्टँडवरचा भाग, रॉकेलमध्ये बुडवून, मग एकेक भाग सुटा करून, बारीक पॉलिश पेपरने गंज उतरवून त्यांनी ते जुळवले. शटलचे टोक बोथट झाले होते आणि त्याच्या कडेला चरा पडला होता, ते बदलले. बॉबिन केस बदलली. दोऱ्याचा ताण धरणाऱ्या दोन चकत्यांमधला गंज घासून काढला, कारण त्या खरखरीत राहिल्या तर दोरा धक्के देत जातो आणि टाका कुठे घट्ट, कुठे सैल पडतो. तेल कोणते घालायचे हेही त्यांनी बजावले. आमच्याकडे पूर्वी खोबरेल घालत. खोबरेल थंडीत गोठते आणि पुढे चिकट होऊन धूळ धरते. त्याऐवजी मशीनचे पातळ पांढरे तेल, प्रत्येक भोकात एकेक थेंब, आणि नंतर चिंधीवर थोडे शिवून जास्तीचे तेल पुसून घ्यायचे. एक गोष्ट मात्र मनाला लागली. गंजाच्या नादात अंगावरची सोनेरी वेलबुट्टी पार घासली गेली आहे. सासूबाई गुरुवारी त्या वेलीवर हळदकुंकू वाहत असत. दुरुस्तीला टाकताना ‘नक्षीला हात लावू नका’ असे स्पष्ट सांगायला हवे होते, हे मला नंतर सुचले.

बिल तीन हजारांचे झाले. त्यात दुरुस्तीचे आणि सुट्या भागांचे साडेअकराशे. मोटर, पायाने दाबायचा रेग्युलेटर, रबरी पट्टा आणि बसवणावळ मिळून साडेअठराशे.

आता मोटरीविषयी. घरगुती मशीनला लावतात ती मोटर लहान असते, माझी अश्वशक्तीच्या बाराव्या हिश्शाची आहे. मशीनच्या खांबाला मागच्या बाजूने स्क्रूचे भोक असते, त्याला ती अडकवतात. मोटरीची लहान पुली आणि मशीनचे मोठे चाक यांवरून रबरी पट्टा फिरतो. विजेचा खर्च विचारात घेण्यासारखा नाही; शंभर वॅट धरले तरी दहा तास सलग शिवल्यावर एक युनिट पडेल, आणि दहा तास सलग शिवणारे घरात कोणी नसते. आतली मोटर मिक्सरच्या जातीची, कार्बनचे ब्रश असलेली असते. त्यामुळे आवाज येतो, ब्रशजवळ बारीक ठिणग्या दिसतात आणि हे ब्रश झिजले की बदलावे लागतात. माझे पहिले ब्रश दीड वर्ष टिकले.

मशीन घरी आल्यावर लक्षात आलेली पहिली उणीव गंभीर होती, आणि ती दाखवून न देता पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. मोटरीला दोनच पिनांचा प्लग होता. ज्या यंत्राचे सारे अंग लोखंडाचे आहे आणि ज्यावर आपण दोन्ही हात ठेवून बसतो, त्याच्या मोटरीला अर्थिंग नसणे धोक्याचे आहे. आतली तार कधी उघडी पडून धातूला टेकली, तर साऱ्या मशीनमध्येच वीज उतरेल. मिस्त्रींना विचारले तर “आजपर्यंत कुणाची तक्रार न्हाई” असे उत्तर मिळाले. मी घरच्या वायरमनकडून तीन पिनांचा प्लग आणि मशीनच्या अंगाला जोडलेली अर्थिंगची तार लावून घेतली, दोनशे रुपयांत काम झाले. ज्यांनी आधीच मोटर बसवली आहे त्यांनी आजच आपला प्लग पाहावा.

पहिले मोठे काम अर्थातच वाकळ. बऱ्याच ठिकाणी तिला गोधडी म्हणतात; आमच्याकडे वाकळच. सासूबाईंची दोन इरकली लुगडी पुरात भिजून डागाळली होती, नेसण्याजोगी राहिली नव्हती आणि टाकवतही नव्हती. नऊवारी लुगड्याचा हिशेब वाकळीसाठीच केलेला असावा असे मला नेहमी वाटते. नऊ वारांची चौपदरी घडी घातली, की लांबी सव्वादोन वार, म्हणजे ८१ इंच भरते. पन्हा सव्वा वार, म्हणजे ४५ इंच. एका माणसाला पांघरायला बेताचे माप, आणि ते एकही काप न घेता मिळते. दोन लुगड्यांचे आठ पदर झाले, वरून आणि खालून एकेका धड साडीचे आवरण घातले, असे दहा पदर मशीनखाली गेले.

हाताने वाकळ घालणाऱ्या बायका कडेने सुरुवात करतात. चारी कडा धरून, चौकोनात चौकोन घेत धावदोऱ्याने मध्यापर्यंत येतात. मशीनवर हे केले तर फसगत होते, आणि माझी झाली. मशीनचे दाते फक्त खालच्या पदराला पुढे ढकलतात. वरचा पदर दाबाच्या पायाखाली अडून मागे राहतो. दहा पदरांत हा फरक वाढत जातो आणि कडेपासून आत शिवत आलो की मध्यभागी कापडाचा फुगा साचतो, मग त्याला कितीही थोपटले तरी चुण्या पडतातच. पहिल्या प्रयत्नात सव्वा हात लांबीची टीप उसवावी लागली. नंतर उलटा मार्ग धरला: आधी चार-चार बोटांवर हाताने कच्चे टाके घालून सगळे पदर एकजीव केले, मधोमध पहिली टीप मारली आणि तिच्या दोन्ही बाजूंना कडेकडे सरकत गेले. सुई अठरा नंबरची, टाका सर्वांत लांब, दाबाचा स्क्रू थोडा सैल. या मशीनच्या सुईपासून खांबापर्यंत वीतभरही जागा नाही, त्यामुळे उजवीकडची अर्धी वाकळ घट्ट वळकटी करून तेथून घालावी लागते आणि दर टिपेला ती वळकटी मनगटाला रेटत राहते. खांदे भरून येतात.

मोटरीची खरी परीक्षा येथेच झाली. रेग्युलेटर हळू दाबला की मोटरीला मिळणारा जोर कमी होतो, आणि जाड कापडाला तर हळूच शिवायचे असते. म्हणजे जेथे जोर हवा तेथेच ती नांगी टाकते. सुई कापडात अर्धी शिरून थांबते, मोटर गुणगुणत राहते आणि क्षणभरात तापल्याचा वास येतो. जोराने दाबावे तर मशीन एकदम उसळी मारते आणि टीप वेडीवाकडी जाते. प्रत्येक वेळी उजव्या हाताने चाकाला धक्का देऊन तिला पुढे न्यावे लागले. वीस मिनिटे काम आणि दहा मिनिटे मोटर निवायची वाट, असे पहिल्या दुपारी चालले. दुसऱ्या दिवशी रबरी पट्टा उतरवला, जुना चामडी पट्टा चढवला आणि पायाने शिवायला बसले. पायट्याखालचे ते मोठे लोखंडी चाक एकदा फिरायला लागले की स्वतःच्या वजनाने फिरत राहते, आणि सुई जाड जागी आली तरी त्या वेगाचा जोर तिला पलीकडे काढतो. हळू शिवले म्हणून त्याचा जोर मोटरीसारखा सरत नाही. दहा पदर पायमशीनवर मोटरीपेक्षा सुखाने शिवले गेले, हे लिहिताना मला स्वतःलाच थोडे हसू येते, कारण साडेअठराशे रुपये मी मुख्यतः वाकळीसाठीच खर्च केले होते.

वाकळ झाली ती टिकाऊ झाली, पण पांघरायला सासूबाईंच्या हातच्या वाकळीइतकी मऊ नाही. हातचा धावदोरा कापडात सैल बसतो, पदरांमध्ये हवा राहू देतो आणि पांघरूण अंगाबरोबर वळते. मशीनचा टाका वरचा आणि खालचा दोरा आत अडकवून पदर घट्ट आवळतो. टिपा चार बोटांवर घेतल्या तर सतरंजीसारखा ताठरपणा येतो. म्हणून दुसऱ्या वाकळीला मशीनच्या टिपा वीत-वीत अंतरावर ठेवल्या, कडेचा गोट मशीनवर लावला आणि मधला सगळा धावदोरा टीव्हीसमोर बसून हाताने घातला. दीड महिना लागला. ही वाकळ चांगली झाली आहे. पूर्ण मशीनवर घातलेली आता पाहुण्यांच्या सतरंजीखाली अंथरायला आहे.

मोटर कोठे उपयोगी पडली, तर लांब, सरळ, पातळ शिलाईला. जुन्या कॉटनच्या साड्यांचे पडदे, गाद्यांची आवरणे, तक्क्यांचे अभ्रे, फाटक्या चादरींचे पायपुसणे, स्वयंपाकघरातली हातपुसणी, ही सगळी कामे तिने निम्म्याहून कमी वेळात उरकली. साडेपाच मीटरच्या साडीचे खिडक्यांचे पडदे करताना चारी बाजूंची दुमड आणि वरचा दांड्याचा नेफा मिळून टिपेची लांबीच बरीच होते. पायाने शिवले तर एक संध्याकाळ जाते आणि पोटऱ्या दुखतात; मोटरीवर चहा निवण्याच्या आत एक पडदा होतो. गुडघेदुखी असलेल्या माझ्या जाऊबाई पायमशीनवर बसूच शकत नव्हत्या, त्या आता येऊन अभ्रे शिवतात. हा लाभ मी हिशेबात मोठा धरते, आणि मोटरीचे अर्धे पैसे वसूल झाले असे म्हणते ते एवढ्यावरच.

जुन्या जीन्सच्या पिशव्यांचा अनुभव वाकळीहून फारसा वेगळा नाही. जीन्सच्या बाजूच्या शिलाईत कापड एकमेकांत दुमडून दुहेरी टीप मारलेली असते, आणि दोन अशा शिलाया जेथे एकमेकींना छेदतात तेथे चांगला गड्डा तयार होतो. तेथे मोटर थांबतेच. त्या जागेवर खलबत्त्यातल्या बत्त्याने आधी दणके घालून ती चपटी करावी आणि तेवढे चार टाके चाक हाताने फिरवून घ्यावेत. सुया दोन मोडल्या; त्यांतला एक तुकडा उडून चष्म्यावर आपटला. चष्मा नसणाऱ्यांनी अशा वेळी तोंड जरा बाजूला ठेवावे.

हळदीच्या पोत्यांचे प्रकरण थोडे विषयांतर वाटेल, पण मशीनच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. सांगलीत हळदीची रिकामी तागाची पोती मिळणे अवघड नाही, आणि त्या तागाला एक उबदार रंग आणि वास असतो. त्यांच्या भिंतीवर टांगायच्या, कप्पे असलेल्या पिशव्या करायच्या ठरवल्या. पहिले पोते साबणाने धुतले आणि ते डागाडागांनी लालसर झाले. हळदीचा रंग साबणातल्या अल्कलीने लाल होतो, हे आपण कुंकवाच्या निमित्ताने लहानपणापासून जाणतो, तरी ऐन वेळी विसरतो. नुसत्या पाण्यात बुचकळून कडक उन्हात तीन-चार दिवस टाकले की हळद उन्हाने आपोआप उतरते आणि तागाचा मूळ रंग राहतो. शिवताना ताग अडत नाही, विणच सैल असल्यामुळे मोटर मजेत चालते. परंतु त्याचा भुसा मोठा वैरी आहे. एका पिशवीनंतर दात्यांच्या खाली आणि शटलच्या खोबणीत बोटभर तूस साचले होते, ते तेल पिऊन घट्ट झाले आणि टाका खालून गुंतायला लागला. सुईखालची पट्टी दोन स्क्रू काढून सोडवावी, दात घासायच्या जुन्या ब्रशाने सगळे झाडावे, एक थेंब तेल द्यावे. ज्या मशीनची पट्टी अशी सहज निघते तेच मशीन अशा कामाला घ्यावे. मिस्त्रींनी दुरुस्ती करताना हे स्क्रू मोकळे करून दिले होते, याबद्दल त्या वेळी मी त्यांचे आभारही मानले नव्हते.

आता नाजूक कामाकडे. घरात खणाची जुनी चोळ्यांची कापडे होती, इरकली लुगड्यांचे तांबडे रेशमी पदर होते. हे पदर आणि ते खण दोन्ही मूळचे बागलकोट जिल्ह्यातले, इलकल आणि गुळेदगुड्डचे. पण सांगलीच्या पेटीपेटीत ते इतके मुरलेले आहेत, की त्यांना परके म्हणवत नाही. त्यांचे दारावरचे तोरण केले आणि नातवासाठी कुंची. जुने रेशीम घडीवर चिरते, म्हणून त्याला आधी मलमलीचे अस्तर लावून मगच कापले. येथे सुई अकरा नंबरची, दोरा बारीक, टाका लहान. कुंचीच्या गळ्याला उरेब पट्टीचा गोट लावताना दर दोन टाक्यांनंतर कापड वळवावे लागते. मोटरीचा रेग्युलेटर एवढ्या बारीक चालीला उपयोगाचा नाही. पाय टेकताच पाच-सहा टाके पडून जातात. पुन्हा चामडी पट्टा चढवला. लहान मुलाच्या दुपट्यांना मात्र मोटर चालली. ती जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराची आहेत आणि त्यांच्या चारी बाजू सरळ आहेत.

या मशीनची एक मर्यादा ना दुरुस्तीने जाते ना मोटरीने: ते फक्त सरळ टाका घालते. काज हाताने करावे लागतात, कापडाच्या सुट्या कडा आत दुमडून शिवाव्या लागतात. मुलांच्या जुन्या टी-शर्टांचे काही शिवायचे म्हटले तर सरळ टाका ताणाला तुटतो, आणि साध्या सुईने होजिअरीवर टाके सुटतात. बोथट टोकाची, होजिअरीची सुई लावून, कापड किंचित ताणून शिवले तर काम निभते, एवढेच. मी टी-शर्टांच्या पट्ट्या कापून तीनपेडी वेण्या घातल्या आणि त्या गोल गुंडाळून हाताने टाचल्या. न्हाणीघराबाहेर अशी दोन पायपुसणी आहेत. ज्यांचे बरेचसे काम ताणणाऱ्या कापडाचे आहे, त्यांनी झिगझॅगचे नवे मशीन घेणे बरे. माझ्या भाचीकडे तसे एक हलके, प्लास्टिकच्या अंगाचे मशीन आहे. त्यावर तिचे काज आणि टी-शर्ट सुरेख होतात. माझ्या वाकळीचे दहा पदर त्याच्या दाबाच्या पायाखाली शिरलेच नाहीत. ज्याच्या त्याच्या पुढ्यातल्या गाठोड्यात काय आहे, यावर निवड ठरते.

दुकानाकडे पुन्हा दोनदा जावे लागले. एकदा ब्रश बदलायला, तेव्हा पंधरा मिनिटांत उभ्या उभ्या काम झाले आणि साठ रुपये घेतले. दुसऱ्यांदा रबरी पट्टा सैल होऊन घसरत होता. मिस्त्रींनी नवा पट्टा विकला नाही, मोटरीचा स्क्रू ढिला करून ती दोन सूत खाली सरकवली, पट्टा ताठ केला आणि पैसे घ्यायचे नाकारले. कामाची वेळ पाळण्यात कच्चा, पण कामात आणि व्यवहारात पक्का, असा हा माणूस आहे. नव्याने जाणाऱ्यांनी त्यांच्याकडून चार गोष्टी आधी बोलून घ्याव्यात: जुनी शटल आणि बॉबिन केस परत मागावी, नक्षी वाचवायला सांगावे, तीन पिनांचा प्लग लावून घ्यावा आणि चामडी पट्टा व पायटा काढून टाकू देऊ नये. ही शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. मोटर बसवल्यावर पायट्याचा स्टँड भंगारात देऊन मशीन साध्या टेबलावर बसवण्याचा सल्ला अनेक दुकानांत मिळतो, मलाही मिळाला होता. तो मानला असता तर दोन्ही वाकळी आणि ती कुंची शिवून झालीच नसती.

मोटर आणि रेग्युलेटर यांच्यामधली तार मिस्त्रींनी सलग न ठेवता मध्ये सुटा होणारा जोड दिला आहे. त्याचे महत्त्व मला मागच्या पावसाळ्यात कळले. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फुटांची आणि धोका पातळी ४५ फुटांची. आमच्या गल्लीत लोक ३५ फुटांची बातमी आली की सामान वर न्यायला लागतात. तार सोडवली, पट्टा उतरवला, टेबलाच्या बिजागऱ्यांजवळचे दोन स्क्रू सैल केले आणि मोटरीसकट डोके उचलून मी आणि मुलगा दोघांनी माळ्यावर नेले. बारा-तेरा किलो वजन असेल. सगळे मिळून दहा मिनिटे लागली. स्टँड खालीच राहिला. त्याला या वेळी आधीच तेल चोपडून ठेवले होते.